फुकट काम करणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं? ओपन सोर्सचा तेहतीस वर्षांचा धडा

थोडं लांबलचक लिहितोय. पण विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातल्या फोनपर्यंत येतो, म्हणून सवडीनं वाचा.

तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स नावाचा गाभा चालतो. त्याला कर्नल म्हणतात. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर याच लिनक्सवर चालतात. जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ही त्या यादीत येऊन गेला. आणि हे सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. त्याचा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

लिनक्सवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना आज कंपन्या पगार देतात. पण अशी हजारो छोटी सॉफ्टवेअरं आहेत जी एखाद-दुसरा माणूस स्वतःची नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसाही न घेता सांभाळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे श्रमदान आहे.

आता प्रश्न असा, की श्रमदान करणारी माणसं एकमेकांशी कसं बोलतात, कुणाचं ऐकून घेतलं जातं, कुणाला बाहेर काढलं जातं, यानं काही फरक पडतो का? पुष्कळ वर्षं याचं ठरलेलं उत्तर होतं, ‘नाही. कोड चांगला असला की झालं.’ हे उत्तर हळूहळू कसं खोटं ठरत गेलं, त्याची ही गोष्ट.

या चळवळीची सुरुवातच मुळी न्यायाच्या भाषेत झाली. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते आतून पाहण्याचा आणि बदलण्याचा हक्क असलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह. १९८९ मध्ये त्यानं जीपीएल हा परवाना आणला. त्याचं मर्म साधं आहे: तुला जे हक्क मिळाले तेच पुढच्याला दे, मधेच दार लावून घेऊ नकोस. कोडचा न्याय इतक्या काटेकोरपणे क्वचितच कुणी लिहून ठेवला असेल. पण त्या परवान्यात एक ओळही अशी नव्हती, की कोड लिहिणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं. त्याची गरज कुणाला वाटलीच नाही.

२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं इंटरनेटवरच्या एका चर्चागटात कळवलं, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. तो गट मिनिक्स या सिस्टिमच्या चाहत्यांचा होता. मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम हे ॲमस्टरडॅमचे नामवंत प्राध्यापक, आणि लिनस त्यांच्याच पुस्तकावर शिकलेला. २९ जानेवारी १९९२ ला टॅनेनबॉम यांनी त्याच गटात लिहिलं, की लिनक्सची रचना कालबाह्य आहे. पोरगा खवळला. त्यानं प्राध्यापकांना भरपूर सुनावलं.

खरी मजेची गोष्ट पुढे आहे. गटातल्या एकानं लिनसला पत्र लिहिलं. सूर मित्रत्वाचा, पण मुद्दा स्पष्ट: असं बोलायचं नसतं. लिनसनं ते मानलं. लगेच त्याच गटात, सगळ्यांसमोर, टॅनेनबॉम यांची माफी मागितली. मी जरा जास्तच बोललो, असं लिहिलं. तांत्रिक मुद्दा मात्र सोडला नाही. भांडण झालं, माफी झाली, वाद चालू राहिला, आणि लिनक्स वाढत गेलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली त्या एका पत्रात आहे. तेव्हा लिनस बावीस वर्षांचा होता आणि समोरचा माणूस मोठा होता, म्हणून असं पत्र लिहिणारा मिळाला आणि ऐकणाराही ऐकला. पुढच्या वीस वर्षांत लिनस स्वतःच सगळ्यात मोठा झाला. कर्नलमध्ये काय जाणार आणि काय नाही यावर शेवटचा शब्द त्याचा. आता त्याला असं पत्र कोण लिहिणार?

कर्नलचं काम ईमेलवर चालतं. तुम्ही केलेला बदल, म्हणजे पॅच, सगळ्यांना दिसेल असा पाठवायचा. त्या भागाचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, तो तपासतो, चुका काढतो, पसंत पडला तर वर पाठवतो. तिथे लिनसची पत्रं गाजायला लागली. डिसेंबर २०१२ मधलं एक पत्र तर आजही सांगितलं जातं. कर्नलमध्ये बदल केला म्हणून लोकांचे आधी चालणारे प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत, हा लिनसचा पक्का नियम. एका जुन्या, अनुभवी मेंटेनरनं दोष प्रोग्रॅमच्या माथी मारला. लिनसनं त्याला जगासमोर ‘तोंड बंद कर’ म्हणत शिवीगाळ केली.

नियम बरोबर होता का? शंभर टक्के बरोबर. तुमच्या-माझ्यासारख्या वापरणाऱ्यांच्या भल्याचाच होता. पण नियम बरोबर असला म्हणजे अपमानही बरोबर, ही गल्लत तिथे वर्षानुवर्षं चालली. ‘तो असाच आहे, मनाचा निर्मळ आहे’ असं म्हणणारे चाहते होतेच. आपल्याकडेही साहेब रागीट असला की लोक ‘कामाचा माणूस आहे’ म्हणतात, तसंच.

जुलै २०१३ मध्ये ते पत्र अखेर कुणीतरी लिहिलं. सेज शार्प तेव्हा इंटेलमध्ये होते आणि यूएसबी ३.० चा कर्नलमधला भाग सांभाळत होते. त्यांनी खुल्या यादीवर लिहिलं, की शाब्दिक मारहाण बंद करा, कामाला शोभेल असं बोला. लिनसचं उत्तर होतं, की मी घरी बाथरोब घालून काम करतो. जसा मी टाय लावणार नाही, तसं खोटं सौजन्यही पांघरणार नाही.

हे ऐकायला रांगडं, प्रामाणिक वाटतं. पण नीट बघा. सगळ्यांनाच मनात येईल ते बोलायची मुभा आहे, असं हा युक्तिवाद गृहीत धरतो. प्रत्यक्षात नवा माणूस लिनसला शिवी देऊन आपला पॅच स्वीकारून घेऊ शकत होता का? रोखठोकपणाची चैन वरच्यालाच परवडते. खालच्याला तो फक्त सोसावा लागतो. म्हणून मी म्हणतो, हा स्वभावाचा प्रश्न नव्हता, न्यायाचा होता.

२०१५ च्या मार्चमध्ये कर्नलमध्ये एक छोटा मजकूर आला. नाव काय, तर ‘संघर्षसंहिता’! तुमच्या कोडवर कठोर टीका होणारच, पण वैयक्तिक त्रास झाला तर लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाकडे या, असा त्याचा आशय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेज शार्प यांनी जाहीर केलं, की आपण कर्नलचं काम सोडलं आहे. अपमान जिथे खपवून घेतला जातो तिथे आपण काम करू शकत नाही, हे त्यांचं कारण. ते निदान सांगून गेले. जे न सांगता गेले, किंवा यादी वाचून आलेच नाहीत, त्यांची नोंद कुठे असणार?

मग १६ सप्टेंबर २०१८. लिनसनं कर्नलच्या नव्या चाचणी आवृत्तीच्या घोषणेतच एक वेगळं पत्र जोडलं. माझ्या पत्रांमधले हल्ले अव्यावसायिक आणि अनाठायी होते, त्यामुळे लोक दुखावले, काही जण काम सोडून गेले असतील, त्यांची माफी मागतो, असं त्यात होतं. मला माणसांच्या भावना कळत नाहीत, त्यासाठी मदत घेणार आहे आणि काही दिवस बाजूला होतो आहे, असंही. शिव्या असलेलं पत्र बाहेरच जाऊ नये असा फिल्टर बसवण्याची कल्पनाही त्यानं मांडली. त्याच सुमारास संघर्षसंहिता गेली आणि आचारसंहिता आली. ती ‘काँट्रिब्युटर कव्हेनंट’ या मसुद्यावर बेतलेली होती. हा मसुदा कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये तयार केला होता आणि तोवर अनेक प्रकल्पांनी तो स्वीकारलेला होता.

एकच गहजब झाला. आता गुणवत्ता मरणार, राजकारण शिरणार, लोक आपला कोड परत मागणार, अशी भाकितं झाली. ग्रेग क्रोआ-हार्टमननं महिनाभर गाडा हाकला, ऑक्टोबरमध्ये ४.१९ ही आवृत्ती वेळेत निघाली, लिनस परत आला. त्यानंतरही साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघतेच आहे. तपासणी सैल झाली नाही. आजही वाईट पॅच परत जातो, आणि लिनस आजही अधूनमधून तापतो. पण आता कुणी बोट दाखवलं तर ते कुठे जाऊन दाखवायचं, याची जागा ठरलेली आहे. १९९२ चं ते मित्राचं पत्र आता नियमाच्या रूपात आहे, एवढाच फरक. पण एवढा फरक पुष्कळ आहे.

इथपर्यंतची गोष्ट वरच्यांनी खालच्यांशी कसं वागावं याची झाली. पण खालून वरही अन्याय होतो, आणि त्यात आपण सगळे आहोत.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी सापडली. ती ओपनएसएसएलमध्ये होती. जगभरातल्या असंख्य वेबसाइट आपली माहिती गुप्त ठेवण्यासाठी हेच वापरतात. सगळीकडून आरडाओरडा झाला. नंतर कळलं, की या प्रकल्पाला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या त्यावर उभ्या होत्या. महाप्रसादाला पोटभर जेवायचं, आणि भातात खडा लागला की वाढप्यावर डाफरायचं, अशातला प्रकार. वाढप्याला ताट मिळालं का, हे विचारलं कुणीच नव्हतं.

दुसरी गोष्ट थेट आपल्या पोरांची. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. २०२० मध्ये नियम होता: चार पुल रिक्वेस्ट पाठवा, टी-शर्ट मिळवा. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘मी हा बदल केलाय, तुमच्यात घ्या’ अशी विनंती. हेतू चांगला होता. पण आपल्या देशातल्या एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीवर हे कसं करायचं ते दाखवताना उदाहरण दिलं गेलं एखाद-दुसरा निरर्थक शब्द वाढवण्याचं. झालं! जगभरच्या प्रकल्पांत तसल्या रिक्वेस्टचा पूर आला. एकेक उघडून बंद करण्यात मेंटेनरांचे दिवस गेले. ३ ऑक्टोबरलाच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तिथलंच काम धरलं जाईल. २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा तेच. आणखी एका शिकवणीच्या व्हिडिओनंतर ‘एक्सप्रेस’ या प्रसिद्ध प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आपलं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टची रांग लागली.

यात मुलांची चूक किती? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की पलीकडे माणूस बसलाय. रिझ्युमेवर एक ओळ हवी, एवढंच शिकवलं गेलं. पण उलट बाजूची प्रतिक्रियाही विषारी होती. ‘हे भारतीय’ म्हणून सरसकट टिंगल झाली. म्हणजे नागपूर किंवा सांगलीच्या एखाद्या मुलीनं महिनाभर खपून खरी दुरुस्ती पाठवली, तरी तिच्या नावाकडे बघूनच कुणी भुवई उंचावू शकतं. थोड्यांच्या उथळपणाचा दंड असा भलत्यालाच बसतो.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्यामुळे ‘बोलण्यानं काय होतं’ हा प्रश्न कायमचा मिटायला हवा होता.

एक्सझेड नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर आहे. फायली दाबून लहान करतं, बस. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत ते असतं. फिनलंडचा लासे कॉलिन अनेक वर्षं ते जवळपास एकटा सांभाळत होता, बिनपगारी. २०२१ पासून ‘जिया टॅन’ नावाच्या कुणीतरी त्याला पॅच पाठवायला सुरुवात केली. नम्र, कष्टाळू, मदतीला तत्पर. २०२२ मध्ये यादीवर आणखी काही नावं उगवली. त्यातलं एक होतं ‘जिगर कुमार’. नाव आपल्याकडचं, माणूस बहुधा अस्तित्वातच नाही. या नावांचं काम एकच: कॉलिनला टोचणं. पॅच का घेतले नाहीत? किती उशीर? नवा मेंटेनर आल्याशिवाय काही होणार नाही. कॉलिननं सांगितलं, की हे बिनपगारी हौसेचं काम आहे, आणि मला बऱ्याच काळापासून मानसिक आरोग्याचा त्रास आहे. त्यावर उत्तर आलं त्याचा आशय असा: वाईट वाटलं, पण आपली मर्यादा ओळखा, काम दुसऱ्याकडे द्या.

थकलेल्या माणसानं शेवटी दुसऱ्याकडे दिलं. कुणाकडे? त्या नम्र, कष्टाळू जिया टॅनकडे. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानं चोरदरवाजा बसवला. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याची जी व्यवस्था जगभर वापरली जाते, ती त्यातून पोखरता आली असती.

पकडलं कसं गेलं? आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या करत होता. त्याला दिसलं, की लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो मागे लागला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं उघड केलं. तोवर त्या आवृत्त्या डेबियन, फेडोरा यांच्या चाचणी शाखांपर्यंत पोचल्या होत्या. सगळीकडे पसरण्याआधी त्या मागे घेतल्या गेल्या. जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तांत्रिक वाटत नाही. कुलूप आधी फोडलंच नाही, राखणदाराला खचवलं. आणि त्यासाठी हत्यार वापरलं ते आपल्या रोजच्या ओळखीचं: तगादा, टोमणे, उपकार केल्यासारखा सूर. हे खपून गेलं, कारण खरे वापरकर्तेही मेंटेनरांशी असंच बोलतात! खोट्या जिगर कुमारचा आवाज खऱ्यांच्या गर्दीत वेगळा ओळखूच आला नाही. त्या छोट्या प्रकल्पात कॉलिनच्या बाजूनं उभं राहायला काही मंडळ नव्हतं, नियम नव्हता. शिष्टाचार ही शोभेची गोष्ट समजली जात होती. तोच सुरक्षेचा पहिला अडसर निघाला.

म्हणजे आचारसंहिता आणली की सगळं गोड? तसंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीतून जवळपास डझनभर रशियन नावं एका पॅचनं काढली गेली. कारण दिलं ‘अनुपालनाच्या विविध गरजा’, एवढंच. रशियावरच्या निर्बंधांचा कायदा होता, तो पाळणं कदाचित भागही होतं. पण वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला आधी कल्पना नाही, खुलासा नाही, आभाराचे दोन शब्द नाहीत. प्रश्न विचारणाऱ्यांना लिनसनं झटकून टाकलं. कायद्याचा खुलासा दुसऱ्या एका ज्येष्ठ मेंटेनरनं नंतर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायथन भाषेच्या संचालक मंडळानं टिम पीटर्स या तिच्या अगदी सुरुवातीपासूनच्या शिलेदाराला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं, तेही आचारसंहितेखाली. दिलेली कारणं वाचून बऱ्याच जुन्या सहकाऱ्यांना तो न्याय वाटला नाही. सौजन्याचा नियमसुद्धा न्यायानंच वापरावा लागतो. आरोप काय, ऐकून कोण घेणार, दाद कुठे मागायची, हे स्पष्ट नसेल तर नियम म्हणजे मोठ्या माणसाच्या हातातली नवी काठी.

तेहतीस वर्षांतून मी काढलेला अर्थ साधा आहे. जिथे पगार नसतो तिथे मान हाच मोबदला असतो. तो बुडवला तर माणूस आज ना उद्या जातो, आणि त्याच्या जागी कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही.

हे वाचणाऱ्यांत इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आहेत. त्यांना विनंती: पुल रिक्वेस्टच्या संख्येवर गुण देऊ नका, एक चूक शोधून ती नीट लिहून पाठवायला शिकवा. हिंजवडीत, मगरपट्ट्यात काम करणारे आहेत. तुमची कंपनी कुठल्या फुकट सॉफ्टवेअरवर उभी आहे याची यादी काढा, आणि त्यातल्या एखाद्याला तरी पैसे किंवा माणसांचे तास द्या, असं वरिष्ठांना सुचवा. आणि विद्यार्थ्यांनो, उत्तराला उशीर झाला तर तगादा लावण्याआधी एक विचार करा, की पलीकडचा माणूस आत्ताच नोकरीवरून घरी आला असेल. दुसऱ्या कुणी तगादा लावताना दिसलं तर दोन ओळी त्याच्या बाजूनं लिहा. १९९२ मध्ये तसल्या दोन ओळींनी काम केलं होतं.

मतभेद असतील तर जरूर लिहा, मी वाचतो आणि उत्तरही देतो. फक्त विषय काय आहे ते लक्षात ठेवून लिहा, म्हणजे झालं.